आज्जीचं आयुष्य रेकॉर्ड करताना: बेळगाव-निपाणी-खानापूरकडच्यांसाठी कामाचा क्रम

"आजोबांचं रेकॉर्डिंग केलंय, जरा ऐका की." असा फोन महिन्यातून एकदा तरी येतो. ऐकायला बसावं, तर पहिली दहा मिनिटं पंख्याची घरघर. मग १९५६, मग मोर्चे, लाठीमार, काळा दिवस. आजोबांनी पोटासाठी काय केलं, पहिला पगार किती मिळाला, आज्जीला बघायला कुठल्या गाडीनं गेले, घरात किती माणसं आणि किती ताटं होती, यातलं अवाक्षर नाही. नातवानं आयुष्य विचारायला फोन समोर धरला आणि आजोबांनी भाषण दिलं. तसं भाषण आपल्याकडं १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाला आणि १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाला दरवर्षी ऐकायला मिळतं.

सीमाभागात, म्हणजे १९५६ ला आजच्या कर्नाटकात गेलेल्या आपल्या मराठी मुलखात, ही चूक हमखास होते, कारण इथं सीमा माणसाचं बाकीचं आयुष्य गिळते. दुसरी चूक त्याहून साधी: चांगलं झालेलं रेकॉर्डिंग फोनबरोबर नाहीसं होतं. माझी स्वतःची पहिली तीन रेकॉर्डिंगं अशीच गेली. फोन दुरुस्तीला दिला, दुकानदारानं "सगळं पुसून नव्यासारखा करून दिलाय" म्हणून हसत परत दिला. त्यातली एक मावशी आता नाही. खालचा क्रम या दोन्ही चुका होऊ नयेत म्हणून आहे. मधली पायरी गाळून पुढं जाऊ नका.

१. एकच माणूस ठरवा

"गावातल्या पन्नास ज्येष्ठांच्या मुलाखती" असा संकल्प सोडा. एका माणसाच्या तीन बैठका, प्रत्येकी एक ते दीड तास, एवढंच आधी पार पाडा. लिहून काढण्यासकट एका माणसाला दीड-दोन महिने जातात.

निवडताना वय बघू नका, ऐकू येतंय का आणि बोलणं सलग आहे का ते बघा. नव्वदीचे खणखणीत तात्या दोन महिने थांबतील. सत्तरीतल्या ज्या काकू आता नावं विसरायला लागल्यात, त्यांचा नंबर आधी.

स्वतःच्या आज्जीपासून सुरुवात करणं सोपं वाटतं, पण ते सगळ्यात अवघड. तिच्या मते तुम्हाला सगळं माहीतच असतं. "तुला म्हायत्याय की ते," म्हणते आणि गप्प बसते. यावर उपाय म्हणजे शेजारची एखादी पोरगी किंवा कॉलेजचा मित्र बरोबर घ्या आणि प्रश्न त्यांना विचारू द्या. परक्या पोराला आज्जी चुलीपासून सांगते.

हंगाम बघा. जून-जुलैत भाताची लावण, नंतर सुगी. त्या दिवसांत रानात राबणाऱ्या माणसाला खुर्चीवर बसवू नका. शिवाय पावसाळ्यात पत्र्याखाली केलेलं रेकॉर्डिंग कामाचं नसतं, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर चार महिने तो विचारच नको. बायकांसाठी दुपारी तीन ते दिवेलागण हा वेळ बरा. बाजारचा दिवस आणि उपवासाचा दिवस टाळा.

२. पहिली भेट रिकाम्या हातानं

पहिल्या भेटीत फोन खिशातच राहू द्या. चहा घ्या, कशासाठी आलोय ते सांगा, घर बघा.

आपल्याकडं दोन प्रश्न हमखास येतात. एक, "समितीचं हाय का हे?" (म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीचं.) दुसरा, "नाव कुठं लिवणार नाही न्हवं? रेशन, पेन्शन काय बंद व्हईल का?" हसण्यावारी नेऊ नका. इथल्या माणसानं भाषेची नोंद, जमिनीचा उतारा, पिकाचं कर्ज अशा कितीतरी कागदांवर न वाचता अंगठे उठवलेत. कागद कन्नडात, समजावणारा तिसराच. म्हणून सरळ सांगा: हे कुठल्या पक्षाचं, समितीचं, सरकारचं नाही, घरच्यांसाठी आहे, आणि आज कशावरही सही नको.

याच भेटीत चार गोष्टी वहीत टिपा: माहेर आणि सासर (आपल्याकडं निम्म्या सुना चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या असतात, हे पुढं फार कामाला येतं), भावंडांचा क्रम, केलेली कामं, आणि घरात कुठले जुने कागद-फोटो आहेत.

तपासा: निघताना तुम्हाला त्या माणसाला काय म्हणून हाक मारायची ते ठरलेलं असावं. आज्जी, मामा, अण्णा, अक्का, काही का असेना. "सर" म्हणालात की समोरचा मुलाखत द्यायला लागतो.

३. खोली आणि आवाज

लोक कॅमेऱ्याच्या मागं लागतात. आधी आवाज सांभाळा. चित्र हललं तरी चालतं, शब्द हुकला की गेला.

सगळ्यात चांगली खोली कुठली? भाताची पोती रचलेली. पोती आवाज पिऊन टाकतात. नव्या स्लॅबच्या घरात चकचकीत फरशीचा हॉल मिळतो आणि तिथं प्रत्येक शब्द घुमतो. तिथं बसावंच लागलं तर खाली जमखाना किंवा घोंगडं पसरा, दारा-खिडक्यांना चादरी लावा. पंखा बंद, टीव्ही बंद, फ्रिजच्या भिंतीपासून लांब. कुकरची शिट्टी होऊन जाऊ द्या. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांत शेजारी पॉवरलूम असेल तर माग कधी बंद असतात ते आधी विचारा. वीज गेली की ती गल्ली एकदम शांत होते, तेव्हा फोन पूर्ण चार्ज असला तर काम साधतं. मी दोन बैठका अशाच अंधारात उरकल्यात.

साधा कॉलर माइक पुरतो. पण तो तुमच्या फोनला चालतो का ते घरी बघा. कॅमेऱ्यासाठीचा माइक काही फोनना ओळखू येत नाही. फोन काही न बोलता स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि तुम्हाला घरी आल्यावर कळतं. तपासायची सोपी रीत: रेकॉर्डिंग चालू करा, माइकवर नखानं खरवडा, ऐका. खरखर मोठी आली तर माइक चालू आहे.

माइक तोंडापासून एक वीत खाली. पुरुषांच्या सदऱ्याला लावणं सोपं. बायकांचा माइक मंगळसूत्राजवळ लावला तर प्रत्येक श्वासाला मणी वाजतात. खांद्यावरच्या पदराला सेफ्टी पिननं लावा. बांगड्यांचा आवाज आला तर मांडीवर टॉवेल किंवा उशी ठेवायला द्या.

सावधान: "आज्जी, बांगड्या जरा काढून ठेवता का?" हे चुकूनही म्हणू नका. एका पोरानं माझ्यासमोर विचारलं. आज्जी काही बोलली नाही, पण त्या दिवशी नंतर तिनं एकही गोष्ट सांगितली नाही.

सेटिंग: रेकॉर्डिंगच्या ॲपमध्ये फाइलचा प्रकार वॅव्ह (WAV) निवडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो असलं तर तासाला साधारण ५०० एमबी जागा जाते, म्हणजे तीन बैठकांना दोन-अडीच जीबी मोकळे ठेवा. एमपी-थ्री लहान असते, पण तिच्यातून एकदा उडालेला आवाज परत येत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकायला विसरू नका. मध्येच आलेला कॉल अख्खं रेकॉर्डिंग तोडतो.

४. परवानगी दोनदा

रेकॉर्डिंगच्या आधी एक परवानगी: "मी हे भरून घेऊ का?" संपल्यावर दुसरी: "यातलं कुणाला ऐकवू?" पहिल्या होकारात दुसरा धरू नका. बोलण्याआधी माणसाला आपण काय बोलून जाणार हे माहीत नसतं.

दुसरी परवानगी चार तुकड्यांत घ्या आणि तोंडीच भरून घ्या. फक्त घरच्यांनी ऐकायचं का? गावच्या वाचनालयात किंवा शाळेत ठेवलं तर चालेल का? नाव घालून कुठं छापलं तर? इंटरनेटवर टाकलं तर? इंटरनेट म्हणजे काय ते दाखवून सांगा: फोनवर कुणा अनोळखी माणसाचा व्हिडिओ लावा आणि म्हणा, "असं तुम्हाला कुणीबी बघणार." कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथं तुकडा ऐकवायचा मोह होतो. त्यासाठी वेगळं विचारा.

"हे मी मेल्यावर ऐका" असंही कुणी म्हणतं. ते तसंच लिहून ठेवा आणि पाळा.

सही घ्यायचीच असेल तर एका पानाचा कागद, मराठीत, आणि घरातली शिकलेली पोरं कन्नड माध्यमातली असतील तर खाली कन्नडातही. मोठ्यानं वाचून दाखवा.

५. प्रश्न

इथं वेळ घाला. बाकी सगळं बरोबर असूनही इथंच बहुतेक जण घसरतात.

"तुमचं बालपण कसं होतं?" याचं उत्तर "बरं होतं बाबा" असंच येणार. "कसं", "काय वाटलं" हे शब्द पहिल्या बैठकीत वापरूच नका. हात, पाय, जागा आणि वस्तू यांच्याबद्दल विचारा.

पहिली बैठक घराची. "जन्मलात त्या घरात दारातनं आत आलं की डाव्या हाताला काय होतं?" खडू द्या, फरशीवर घर काढायला सांगा. चूल, गोठा, जातं, देव्हारा, झोपायची जागा. रेघा ओढता ओढता माणसं आपोआप येतात: "हितं चुलती निजायची, तिचा नवरा ममईला हुता." मग पाणी: कुठली विहीर, किती खेपा, कुणाच्या घागरी वेगळ्या. जात इथं आपोआप येते. तुम्हाला वेगळा प्रश्न घालावा लागत नाही.

दुसरी बैठक कामाची. कामाचे शब्द तुम्हाला आधी माहीत हवेत. निपाणीच्या विडी कामगार मावशीला "काम कठीण होतं का?" विचारून काय मिळणार? पान भिजवण्यापासून सुरू करा: कात्री कुठली, किती पानं वाया जायची, दिवसाला हजार व्हायच्या का, दोरा कोण बांधायचं, पोरं कुठल्या वयात बसली, कारखान्यात माल टाकताना छाट (नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्या) किती निघायची आणि ती छाट कुणाची व्हायची. शेवटच्या प्रश्नावर मी एकदा अख्खा तास ऐकलाय. विणकराच्या घरी मागाइतकंच कांड्या भरण्याबद्दल विचारा, कारण ते काम घरातल्या बायका-पोरांनी केलेलं असतं आणि पगार एकाच्याच नावावर. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या मामांना लढाईबद्दल सगळेच विचारतात. त्यांच्या बायकोला विचारा: मनीऑर्डर किती दिवसांनी यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, आणि वाचणाऱ्यासमोर काय लिहायचं नाही हे कसं ठरायचं.

हातातली वस्तू प्रश्नापेक्षा जास्त बोलवते. ओव्या हव्या असतील तर "आज्जी, ओवी म्हणा" म्हणू नका, लाजतात. जात्याशी बसवा, मूठभर जोंधळे द्या. खुंटा फिरायला लागला की ओवी सुरू होते. तिथं माइक जात्यापासून लांब, तोंडाजवळ.

तिसरी बैठक सीमेची. मुद्दाम शेवटी. तोवर माणूस तुमच्याशी बोलायला लागलेला असतो, व्यासपीठाशी नाही. आणि तिथंही "सीमालढ्याबद्दल सांगा" म्हणू नका. हे विचारून बघा:

"शाळेत कन्नड कधी आलं? मास्तर तेच राहिले का बदलले?"

"कन्नडातली नोटीस आली की वाचायला कुणाकडं नेत होता? तो काय म्हणायचा?"

"चंदगडचं माहेर दुसऱ्या राज्यात गेलं, तेव्हा जाण्यायेण्यात काय बदललं? काही बदललं का?"

"घरात मोर्चाला कोण गेलं आणि कोण गेलं नाही? जे गेले नाहीत ते त्या दिवशी काय करत होते?"

नोटीस वाचून देणारा बहुतेक वेळा शेजारचा कन्नड बोलणारा अण्णा असतो, आणि त्याच्याबद्दल माणसं मायेनं बोलतात. भाषणात तो कधीच येत नाही.

सावधान: भावाभावांतली वाटणी, जुनी केस, सौंदत्तीला यल्लम्माला सोडलेली मुलगी, दुसरं लग्न, ४८ साली गांधीहत्येनंतर कुणाची घरं जळाली, हे विषय आपणहून उकरू नका. सांगणाऱ्यानं काढले तर ऐका, पण जिवंत माणसांची नावं येत असतील तर संपल्यावर विचारा, "हे ठेवू का बाजूला काढू?" विशेषतः वाटणीचं. उद्या कोर्टात तुमचीच फाइल वाजवायची वेळ येऊ नये.

६. रेकॉर्डिंग चालू असताना

सुरू करताना स्वतःच्या आवाजात बोला: आजची तारीख, गाव, तालुका, कोण बोलतंय, कोण विचारतंय, खोलीत आणखी कोण आहे. फाइलचं नाव उद्या बदलेल, आवाजातलं बदलत नाही. मग पंधरा सेकंद सगळे गप्प. नंतर आवाज साफ करायला ती शांतता उपयोगी पडते.

"हं, हं, बरोबर" तोंडानं म्हणू नका, मान हलवा. उत्तर संपल्यासारखं वाटलं की मनात सात आकडे मोजा. खरी गोष्ट बऱ्याचदा पाचव्या-सहाव्या आकड्यावर येते.

चुकीचं सांगितलं तरी टोकू नका. साल चुकलं तर चुकू द्या. वहीत खूण करा. खोलीतल्या मुलाला मात्र आधीच सांगून ठेवा. "आई, तसं नाही गं" म्हणणारा मुलगा हा पंख्यापेक्षा मोठा अडथळा आहे. त्याला चहा आणायला पाठवा.

बोलता बोलता माणूस कन्नडात गेला तर थांबवू नका. शिव्या, हिशोब, बाजारातला सौदा, यल्लम्माची गाणी, हे सगळं कितीतरी मराठी घरांत कन्नडातच असतं. ते भाषांतर करून मागाल तर निम्मं मरतं.

अर्ध्या तासानं थांबवून फाइल सेव्ह करा, पाणी प्या, पुन्हा सुरू. दीड तासाची सलग फाइल बॅटरी संपली की अख्खी जाऊ शकते. माणूस रडायला लागला तर बंद करायची घाई करू नका, प्रश्नही विचारू नका. "थांबूया का?" एवढंच.

७. साल कसं काढायचं

शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर ती मास्तरांनी घातलेली आहे असं समजा. आपल्या भागात अर्धा गाव १ जूनला जन्मलाय.

"किती सालची गोष्ट?" या प्रश्नाला अंदाजच येणार. त्याऐवजी आधी-नंतर विचारा. गावची लक्ष्मीची यात्रा ही इथली सगळ्यात पक्की खूण, कारण ती बऱ्याच गावांत वर्षानुवर्षांनी भरते आणि गावातल्या कुणाकडं तरी तिचं साल लिहिलेलं असतं. "तुमचं लगीन लक्ष्मीच्या यात्रेच्या आधी का नंतर?" त्याशिवाय या खुणा जवळ ठेवा:

राज्य बदललं, १ नोव्हेंबर १९५६. नवे पैसे आले, १ एप्रिल १९५७. गोवा सुटला, डिसेंबर १९६१. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. भांडी पडलेली आठवतात. ७२ चा दुष्काळ. आणीबाणी, १९७५ ते ७७. निपाणीचं तंबाखू आंदोलन, १९८१. मुंबईतला गिरणी संप, जानेवारी १९८२ पासून. ममईहून परत आलेली माणसं यावरून सापडतात. कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन, १९८६. ऑगस्ट २०१९ चा पूर.

आण्यांचा हिशोब मात्र जपून. "मजुरी आठ आणे" म्हणालं म्हणून ५७ च्या आधीची गोष्ट ठरत नाही. पन्नास पैशाला आठ आणे म्हणणारी माणसं नंतरही कित्येक वर्षं होती. पै किंवा ढब्बू पैसा आला तर जुनी गोष्ट.

नोंदीत "सांगितलेलं साल" आणि "काढलेलं साल" वेगळे लिहा. गावाच्या नावाचंही तसंच. बोलणाऱ्यानं बेळगाव म्हटलं तर बेळगाव लिहा. २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी आहे, ते शोधायला सोपं जावं म्हणून वेगळ्या रकान्यात. गावांची कन्नड रूपंही तिथंच.

८. कागद आणि फोटो

तिसऱ्या बैठकीनंतर ट्रंक उघडायला सांगा, आधी नाही. कागद समोर आले की माणूस कागदच वाचायला लागतो. फोटो हातात देऊन नावं विचारताना रेकॉर्डिंग चालू ठेवा. "डावीकडनं पहिला कोण?" असा क्रम धरा.

कागद घरातून नेऊ नका. तिथंच खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न मारता फोटो काढा. मागच्या बाजूचाही काढा. स्टुडिओचा शिक्का, तारीख बहुतेक मागंच असते. जुन्या उताऱ्यांत मोडी असेल, पुढच्यांत मराठी, त्याच्या पुढं कन्नड, आणि एकाच माणसाचं नाव तिन्हींत वेगळं. तिन्ही रूपं जशीच्या तशी टिपा.

सावधान: लॅमिनेशन नको. चिकटपट्टी नको. फ्रेमच्या काचेला दमटपणानं चिकटलेला फोटो ओढू नका, चेहरा काचेवर राहतो. काचेवरूनच जरा तिरक्या कोनातून टिपा. मागं नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीनं, कडेला, हलक्या हातानं.

९. त्याच रात्री

जेवायच्या आधी हे उरका. उद्यावर टाकलेलं राहतं.

फाइल केबलनं संगणकावर घ्या. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेला कागद आक्रसून येतो, अक्षरं फुटतात; पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून. नाव एका साच्यात: वर्ष-महिना-दिवस, गाव, माणसाचा क्रमांक, फाइल क्रमांक. उदाहरणार्थ २०२५-०२-१४_येळ्ळूर_०३_०१. संगणकावर हेच रोमन अक्षरांत घाला, जुनी यंत्रं देवनागरी नावं बिघडवतात. "आज्जी फायनल नवीन २" असली नावं नकोत.

तीन प्रती: एक संगणकात, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावात. दुसऱ्या गावात म्हणजे खरोखर दुसऱ्या गावात. पुण्याच्या बहिणीकडं, कोल्हापूरच्या मावसभावाकडं. २०१९ ला वेदगंगा-दूधगंगेच्या काठावर ज्यांच्या घरात पाणी शिरलं, त्यांच्या दोन्ही प्रती एकाच कपाटात असत्या तर दोन्ही गेल्या असत्या. पेन ड्राइव्ह ने-आणीसाठी आहे, साठवणीसाठी नाही. ऑनलाइन ठेवलंत तर पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत हवा.

तपासा: तिन्ही ठिकाणी फाइलचा आकार सारखा आहे? प्रत्येक प्रतीतलं शेवटचं मिनिट वाजवून बघितलं? मगच फोनमधली पुसा. मूळ फाइल कधीही कापू नका; नको असलेला भाग गाळायचा तर ऐकण्याची वेगळी प्रत करा.

१०. लिहून काढणं

तासाभराच्या बोलण्याला सहा-सात तास लागतात. ऐकून आपोआप लिहिणारी साधनं आहेत, पण ती आपल्या बोलीला पुण्याची करतात आणि कन्नड शब्दांचा चुराडा करतात. त्यांचा मसुदा घ्या, पण हेडफोन लावून शब्द न शब्द पुन्हा ऐका.

एका रेकॉर्डिंगमधलं वाक्य असं होतं:

"मी तवा शाळंला गेलोच न्हाई. आई म्हणाली जा, खरं घरात बारकी पोरं हुती."

बाहेरगावच्या एका मुलानं ते "शुद्ध" करून दिलं: "मी तेव्हा शाळेत गेलेच नाही. आई म्हणाली जा. खरंच, घरात लहान मुलं होती."

दोन घाव बसले. आपल्याकडची बाई "मी गेलो" म्हणते. ते "गेले" केलं की ती बाई दुसऱ्याच कुठल्या गावची होते. आणि "खरं" म्हणजे "पण". आईनं जा म्हटलं, पण पोरं सांभाळायची होती. अख्खं वाक्य त्या "पण" वर उभं आहे. "खरंच" केल्यावर ते वाक्य कोसळलं आणि शाळा का सुटली हेच हरवलं.

म्हणून जसं बोलले तसं लिहा. "करालोय" असेल तर "करालोय". हसले, थांबले, खोकले ते चौकटी कंसात. दर दोन मिनिटांनी वेळ घाला म्हणजे आवाज शोधता येतो. कन्नड भाग कन्नड येणाऱ्याकडून ऐकवून घ्या. आवाज देवनागरीत, अर्थ खाली वेगळ्या ओळीत. न कळलेला शब्द अंदाजानं भरू नका, "[अस्पष्ट, १२:४०]" लिहा. शेवटी प्रमाण मराठीतली प्रत हवीच असेल तर ती वेगळी करा आणि वर तसं लिहा.

११. परत नेऊन ऐकवणं

लिहून झालं की घरी जा. पेन ड्राइव्ह देऊन निघून येऊ नका; ज्या घरात संगणक नाही तिथं ती देव्हाऱ्याच्या फळीवर पडते. मेमरी कार्डवर एमपी-थ्री प्रत घालून द्या, जी भजनं लावायच्या छोट्या स्पीकरवर वाजते. वाजवून दाखवा, कुठलं बटण ते सुनेला शिकवा.

आणि तिथं वही घेऊन बसा, कारण दुरुस्त्या आत्ताच येतात. गेल्या खेपेला खानापूर तालुक्यातल्या एका घरी आज्जींनी स्वतःचा आवाज दहा मिनिटं डोळे मिटून ऐकला, मग हात वर केला. "त्ये चुकलं. म्हस आत्याची न्हवं, माझी हुती. माझ्या बानं दिल्ती." दीर शेजारीच बसला होता. तो काही बोलला नाही. दुरुस्ती जुन्या फाइलमध्ये घालायची नाही. नवी फाइल, नवी तारीख, आणि जुन्या नोंदीत तिचा क्रमांक. मी फोन एअरप्लेन मोडवर टाकला, पंखा बंद करायला सांगितला आणि म्हशीपासून पुन्हा सुरुवात केली.